खळ्यात साठ माणसं: स्वतःच्या गाण्यांचा पहिला कार्यक्रम

स्वतःची सात-आठ गाणी तयार आहेत, सोबत एखादा तबलजी किंवा गिटारवाला आहे, आणि ती गाणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात आपल्या माणसांसमोर गायची आहेत, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. मुंबईत राहून गाणी करणारे आणि सुट्टीत गावी येणारे, दोघांनाही ते चालेल. सगळ्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे. पहिला कार्यक्रम एवढ्याच आकाराचा करा की दोन महिन्यांनी दुसरा करायला अंगात बळ, खिशात पैसे आणि गावात शब्द शिल्लक राहील. पहिल्याच वेळी मोठा रंगमंच, भाड्याची भिंतभर ध्वनियंत्रणा आणि पाचशे खुर्च्या मांडणाऱ्यांचा दुसरा कार्यक्रम सहसा होत नाही.

तारीख आधी, जागा नंतर

कोकणात तारीख चुकली की बाकी काहीही बरोबर असून उपयोग नाही. जून ते सप्टेंबर उघड्यावर काही ठरवू नका. पत्र्याखालीही नको, कारण पत्र्यावर पावसाची सर आली की माईकवरचा आवाजसुद्धा तिसऱ्या रांगेपुढे जात नाही. गणपतीत घरोघर आरत्या, भजनं आणि जाखडीचा नाच असतो. त्या दिवसांत लोक गावात असतात, पण मोकळे नसतात. शिमग्यात पालखी घरी यायची वेळ कुणाच्या हातात नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा चालू असतात आणि तेव्हा स्पीकर लावला तर पुढच्या वेळी जागा मिळत नाही. आंबा उतरायला लागला की बागायतदारांची घरं रात्रीपर्यंत पेट्या भरण्यात गुंतलेली असतात.

उरतो तो भात झोडून झाल्यानंतरचा काळ: नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर. पाऊस नाही, रात्री गार, खळी म्हणजे घरापुढची अंगणं सारवून तयार. सिंधुदुर्गात याच काळात जत्रा आणि दशावतार सुरू होतात, म्हणून आजूबाजूच्या पाच-सहा गावांच्या जत्रांच्या तारखा आधी विचारून घ्या. रत्नागिरी शहरात असाल तर खल्वायन या संस्थेच्या मासिक संगीत सभा आणि जानेवारीत थिबा राजवाड्याच्या परिसरात होणारा आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव यांच्या तारखा टाळा. ऐकणारी माणसं तीच आहेत, त्यांना दोन दिवसांत वाटून घेऊ नये. उलट त्या सभांना आधी स्वतः जाऊन बसा. तिथे कान तयार असलेला श्रोता भेटतो, आणि आपल्या कार्यक्रमाला तोच पहिल्या रांगेत हवा असतो.

वार शनिवार, सुरुवात संध्याकाळी सात, शेवट सव्वानऊ. ही वेळ ठरवण्यापूर्वी वस्तीची एसटी गावात किती वाजता येते आणि शेवटची गाडी किती वाजता सुटते ते पाहा. शेवटच्या गाडीची वेळ आली की माणूस गाणं अर्धवट टाकून उठतो, आणि एक उठला की दहा उठतात. गावात देऊळ आणि मशीद दोन्ही असतील तर सांजेची आरती आणि अजानच्या वेळा लिहून घ्या. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान कार्यक्रम सुरू होण्याआधीच होते. मध्यंतर इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजाच्या वेळी येईल असं बसवा. हे कुणी सांगण्याआधी केलं तर दोन्ही वाड्यांची माणसं येतात.

जागा

पहिल्या कार्यक्रमासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मोठ्या घराचं खळं. गाणारे ओटीवर किंवा पडवीत, ऐकणारे खळ्यात सतरंजीवर. चाळीस ते साठ माणसं सहज मावतात, मागे एक रांग खुर्च्यांची म्हाताऱ्या माणसांसाठी. ओटी जमिनीपेक्षा दोन-अडीच फूट उंच असते, त्यामुळे वेगळा रंगमंच लागत नाही. वर माटव (मांडव) असेल तर दव माणसांवर आणि वाद्यांवर पडत नाही.

दुसरा पर्याय वाचनालयाचा किंवा शाळेचा हॉल. तिसरा देवळाचा सभामंडप, पण तिथे गावकर-मानकऱ्यांना गाण्यांचे शब्द आधी वाचून दाखवा. लपवून गायलेलं एक गाणं पुढची दहा वर्षं दरवाजा बंद करतं.

समुद्रकिनारा मोहात पाडतो. पहिल्या कार्यक्रमाला तो नको. खारा वारा माईकमध्ये घुसतो, वाळू जोडण्यांमध्ये जाते आणि परवानग्या वाढतात. शिवाय वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि मे महिन्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत असतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांमुळे मादी परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. या किनाऱ्यांवर रात्री दिवे आणि स्पीकर लावूच नका.

परवानगी आणि गाण्यांचे हक्क

ध्वनिक्षेपक लावायचा तर लेखी परवानगी लागते, खासगी खळ्यात असला तरी. पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. अर्जात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागेचा पत्ता, अंदाजे माणसं, स्पीकरची संख्या, जबाबदार दोघांची नावं आणि फोन लिहा. सोबत जागामालकाचं संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा ना-हरकत दाखला जोडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. कार्यक्रमात गाण्यांसोबत नाट्यप्रवेश असेल तर रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं आधीच विचारा. ते ऐनवेळी मिळत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. खासगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त चढू नये. दोन माणसांचं साधं बोलणं ६०च्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. म्हणजे खळ्यात ड्रमसेट बसतच नाही. काहोन (वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं), ढोलकी किंवा तबला घ्या. त्याने शब्दही स्वच्छ ऐकू येतात.

हक्कांचं गणित साधं आहे, पण आधी करायचं. सर्व गाण्यांचे शब्द आणि चाली तुमच्याच असतील, आणि कुणीही आपले हक्क एखाद्या कंपनीला किंवा आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेला दिलेले नसतील, तर वेगळा परवाना लागत नाही. गटातला कुणी आयपीआरएसचा सभासद असेल तर सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे असतात. त्याने तिथे विचारून घ्यावं. दुसऱ्या कवीच्या कवितेला चाल लावली असेल तर कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांच्या कविता खुल्या आहेत. आरती प्रभू १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६च्या अखेरपर्यंत वारसांची लेखी परवानगी हवी. मध्यंतरात मोबाइलवरून सिनेमाची गाणी लावू नका. त्यालाही परवाना लागतो, आणि नुकतंच ऐकलेलं गाणं माणसाच्या कानात थोडा वेळ राहू द्यावं.

सामान

साठ माणसांसाठी एवढं पुरतं: दहा किंवा बारा इंची दोन ॲक्टिव्ह स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले) स्टँडसह, गाणाऱ्यासमोर ठेवायचा एक छोटा मॉनिटर, आठ चॅनेलचा मिक्सर, चार डायनॅमिक माईक, दोन डीआय बॉक्स (गिटारसारखं वाद्य मिक्सरला जोडायची डबी), पाच माईकस्टँड, सहा-सहा मीटरच्या आठ माईक केबल आणि त्यावर दोन जास्तीच्या. केबल हीच गोष्ट सर्वांत आधी दगा देते, म्हणून जास्तीच्या दोन विसरायच्या नाहीत. काळी कापडी चिकटपट्टी, विजेरी, बॅटरीचे नऊ व्होल्टचे दोन सेल, गिटारच्या तारांचा एक जादा संच. कंडेन्सर माईक घरी ठेवा; उघड्यावर तो वाऱ्याचा, रातकिड्यांचा आणि शेजारच्या कुत्र्याचाही आवाज उचलतो.

गावातल्या मंडपवाल्याकडे ध्वनियंत्रणा असते, पण ती बहुधा मिरवणुकीसाठी जमवलेली असते: मोठे बेस, मधला आवाज दबलेला. शब्दप्रधान गाण्याला ती जड पडते. भाड्याने घेण्यापूर्वी त्यातल्या एकाच टॉपवर (बेसच्या वर ठेवतात त्या स्पीकरवर) कुणाला तरी कविता वाचायला लावा आणि तीस फुटांवरून ऐका. ‘स’, ‘त’, ‘क’ वेगवेगळे कळले तर घ्या.

वीज

या पायरीवर घाई करू नका, कारण इथली चूक जिवावर येते. वरच्या सामानाला सगळं मिळून एक किलोवॅटच्या आत वीज लागते, म्हणजे १५ अँपिअरचा एक चांगला सॉकेट पुरतो. भार वाढतो तो हॅलोजनमुळे. एकेक ५०० ते १००० वॅटचा असतो. एलईडी लावा आणि दिवे वेगळ्या बोर्डावरून घ्या. ध्वनीचं सगळं सामान मात्र एकाच बोर्डावरून. मिक्सर ओटीवरच्या सॉकेटवर आणि स्पीकर मागच्या खोलीतल्या सॉकेटवर जोडले की स्पीकरमधून सतत ‘हं’ असा ५० हर्ट्झचा घुमारा येतो. तो घालवण्यासाठी कुणीतरी पिनमधली अर्थिंगची वायर तोडतो. असं कधीही करू देऊ नका. माईकची जाळी ओठांना लागते आणि पाय सारवलेल्या ओल्या जमिनीवर असतात. घुमारा घालवायला डीआय बॉक्सवर ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ असते, ती दाबायची.

जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग नीट मिळत नाही; दगड कोरडा पडला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घालायला सांगा, आणि ध्वनीच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. एक्स्टेंशन २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचं हवं आणि गुंडाळीवरून पूर्ण सोडलेलं. गुंडाळलेली तार भार आला की तापते, आवरण वितळतं. जोडाची जागा जमिनीपासून वर, खुर्चीवर किंवा विटेवर ठेवा. दव खाली साचतं.

वीज जाईल हे धरूनच चला. गेली तर काय, हे आधी ठरलेलं असावं: कोणतं गाणं माईकशिवाय गायचं आणि कंदील किंवा चार्जिंगचे दिवे कुठे आहेत. साठ माणसांच्या खळ्यात सगळे शांत बसले तर माईकशिवाय दोन गाणी सहज निभतात.

मांडणी आणि आवाज लावणं

दुपारी साडेतीनला सामान लागायला हवं, साडेचारला आवाज लावायला सुरुवात, सहाला संपूर्ण थांबा. या क्रमाने करा.

स्पीकर नेहमी माईकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. ओटीच्या दोन कोपऱ्यांपासून तीन-चार फूट पुढे, बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जातील इतके उंच, म्हणजे साडेपाच-सहा फूट, आणि थोडे आत वळवलेले. माईकच्या मागे स्पीकर गेला की शिट्टी ठरलेली. मॉनिटर गाणाऱ्याच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत, कारण त्या बाजूने हा माईक सर्वांत कमी ऐकतो.

मिक्सरवर सगळे फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या कळा, खाली ठेवून एकेक चॅनेल घ्या. गाणाऱ्याला सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गायला सांगा. ‘एक दोन तीन, हॅलो’ नको, तो आवाज गाण्याचा नसतो. लाल दिवा लागणार नाही इतपत गेन (माईकमधून येणाऱ्या आवाजाची पातळी), मग फेडर हळू वर. गाणाऱ्याच्या प्रत्येक माईकवर खालचा आवाज कापणारी कळ, ८० किंवा १०० हर्ट्झची, दाबून ठेवा. वाऱ्याची आणि पायांची धडधड तिथेच जाते. ओठ माईकपासून चार बोटांवर. जाळी मुठीत धरू नये, त्याने माईक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी येते. शिट्टी आलीच तर आधी मॉनिटर कमी करा. बारीक, कानाला टोचणारी असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये तीन डेसिबल काढा. घूं असं घुमत असेल तर २०० ते ५०० हर्ट्झमध्ये. एकदम बारा डेसिबल काढलं की शिट्टीबरोबर शब्दही जातात.

पेटीचा माईक भात्यापासून दूर, सुरांच्या बाजूला, एक वीत अंतरावर. तबल्याला दोन्हींच्या मध्ये वरून एक माईक पुरतो. टाळाला माईक देऊच नका. तो बाकीच्या सगळ्या माईकमध्ये आपोआप येतो, म्हणून टाळवाल्याला एका कडेला बसवा.

हॉलमध्ये असाल तर मागच्या भिंतीकडे लक्ष द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. पंधरा मीटर लांब हॉलमध्ये मागच्या भिंतीवर आपटून गाणाऱ्याकडे परत यायला त्याला जवळजवळ ९० मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर कानाला दुसरा आवाज म्हणून ऐकू येतो आणि ठेका हलतो. घरोघरच्या जाड गोधड्या मागवा, मागच्या भिंतीवर दोरीने लटकवा, जमिनीवर जाजम घाला. रिकाम्या हॉलमध्ये आवाज थोडा बोथट वाटला तरी चालेल, पण घुमता नको. माणसं भरली की तो अजून सुकतो. तेव्हा फेडर थोडे वर न्यावे लागतील, त्यासाठी जागा ठेवा.

एक माणूस फक्त मिक्सरवर. गाणारा स्वतः मिक्सर पाहतो तिथे गाणं आणि मिक्सर दोन्ही बिघडतात. तो माणूस शेवटच्या रांगेत बसेल, ओटीच्या आड नाही. त्याचं नाव बाकी कलाकारांबरोबर पत्रकावर छापा.

दमट हवा आणि वाद्यं

डिसेंबरातही संध्याकाळी सात ते नऊमध्ये दव पडतं आणि तबल्याची पुडी ओल खेचून उतरते. तबलजीला मध्यंतरात पुन्हा जुळवायला पाच मिनिटं द्या, आणि वाद्यं आवाज लावून झाल्यावर उघड्यावर न ठेवता घरात न्या. गिटारच्या पेटीत निळ्या सिलिका जेलच्या शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुड्या ठेवा. गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर निळ्या होईपर्यंत गरम करून पुन्हा वापरा. तारा प्रत्येक वेळी कोरड्या सुती कापडाने पुसा. केबलची टोकं आणि जॅक महिन्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले की खाऱ्या हवेने येणारी करकर बंद होते.

सामान साठवायची जागा निवडताना पूररेषा विचारा. चिपळूणमध्ये २००५ आणि २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत किती चढलं हे तिथला कुणीही दाखवेल. तळमजल्यावर ॲम्प्लिफायर ठेवू नका.

माणसं बोलावणं

व्हॉट्सॲपवरचं पत्रक एक गोष्ट, घरी जाऊन सांगणं दुसरी. साठ माणसं हवीत तर तीस घरी जा. आजूबाजूच्या पाच घरांना आवर्जून सांगा की नऊ-सव्वानवाला संपेल, आणि त्यांची पोरं पुढे आणि म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसतील अशी सोय करा. गावच्या भजनी मंडळाला, नमन-खेळे ही लोककला करणाऱ्या मंडळींना, जाखडीच्या शाहिरांना मानाने बोलवा. सुरुवातीची दहा मिनिटं भजनी मंडळालाच द्या. गावातलं संगीत तुमच्या आधीपासून चालू आहे, आणि त्यांचा मृदंगवाला पुढच्या कार्यक्रमाला तुमच्यासोबत बसू शकतो.

मुंबईहून कलाकार येणार असतील तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघून सकाळी उतरता येतं, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीवर भिस्त ठेवू नका. आदल्या दिवशी या. रात्रभर जागलेला गळा संध्याकाळी चढा सूर धरत नाही.

गाण्यांची रचना

एका गटाने पाऊण तास, सात-आठ गाणी. मग पंधरा मिनिटं मध्यंतर, चहा. नंतर दुसरा गट किंवा तुमचीच पाच गाणी. ओळखीची चाल नसलेलं गाणं लोक पहिल्यांदा ऐकत असतात, सलग दोन तास ते कुणालाही जड जातं. मालवणी, संगमेश्वरी, चित्पावनी किंवा कोकणी मुसलमानी बोलीत गाणं असेल तर ते पहिल्या तिनांत घ्या. बोली ऐकली की मागे उभा असलेला माणूस खाली बसतो. गाण्याआधी एकच वाक्य बोला, गाणं कशावर आहे तेवढंच.

पैसे

फुकट ठेवू नका. शंभर रुपये सेवामूल्य, शाळकरी मुलांना मोफत, आणि दारात टोपली. क्यूआर कोडही ठेवा, पण रेंज नसेल तर टोपलीच कामाला येते. उदाहरणादाखल, पन्नास जणांनी दिले तर पाच हजार झाले. यातून आधी ध्वनियंत्रणेचं भाडं, प्रवास, चहा, जागेला काही द्यायचं असेल ते. उरलेले गाणारे, वाजवणारे आणि मिक्सरवरचा माणूस यांच्यात सारखे. काही उरलं नाही तर तेही सांगा. हिशोब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांना दिसेल असा लिहून टाका, पावत्यांच्या फोटोंसकट. गट फुटतात ते चालीवरून क्वचित; बहुतेक वेळा न दाखवलेल्या हिशोबावरून.

आवरणं

शेवटचं गाणं संपलं की आधी मिक्सरचे फेडर खाली, मग स्पीकर बंद, मग मिक्सर. उलट केलं तर स्पीकरमधून ठाप्प आवाज येतो आणि त्याचा पडदा फाटू शकतो. केबल कोपराला गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते; एक वेढा वरून एक खालून असे मोकळे वेढे घ्या. दवाने ओल्या झालेल्या केबल पेटीत तशाच बंद न करता रात्रभर ओटीवरच्या वळणीवर टाका. पेले, पत्रावळ्या, चिकटपट्टीचे तुकडे उचला, जाजम झटकून घडी करा, आणि सकाळी खळं झाडून द्या. शेण सारवलेल्या जमिनीला खुर्च्यांच्या पायांनी खड्डे पडलेले असतात. ते त्याच दिवशी बुजवून पुन्हा सारवून द्यायचं, घरच्या बाईंवर ते काम टाकायचं नाही. गोधड्या ज्या घरांतून आल्या त्या घरी परत पोचवताना पुढची तारीख तिथेच सांगून टाका.